खरूज झाली तर क्रीम लावायचं की गोळी घ्यायची? परमेथ्रिन आणि आयव्हरमेक्टिनची तुलना

रात्र झाली की खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, काखेत बारीक पुटकुळ्या दिसतात आणि महिना-दीड महिन्यात घरातली आणखी दोन माणसं खाजवायला लागतात. डॉक्टरांनी तपासून खरूज असल्याचं सांगितलं की चिठ्ठीवर बहुधा दोनांपैकी एक औषध येतं: परमेथ्रिन ५ टक्के क्रीम किंवा आयव्हरमेक्टिनची गोळी. बरेच डॉक्टर विचारतातही, ‘तुमच्या घरात काय जमेल?’ या प्रश्नाचं उत्तर विचारपूर्वक द्यायला हवं, कारण खरूज उलटते ती औषध कमजोर असल्यामुळे क्वचित आणि ते अर्धवट वापरल्यामुळे बहुतेक वेळा.

गुणाच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. २०१८ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नीट वापरल्यास दोन्हींनी बरं होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे निवड करताना घरात कोण कोण आहे, प्रत्येकाचं वजन किती आणि सांगितलेलं तंतोतंत करायची तयारी आहे का, हे पाहायचं.

क्रीम आधी घेऊ. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे ते त्वचेतून रक्तात अगदी थोडं जातं. म्हणून दोन महिन्यांवरच्या बाळाला, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सहसा हेच दिलं जातं. पाजण्याआधी स्तनावरचं क्रीम धुवायचं आणि पाजून झाल्यावर पुन्हा लावायचं, एवढं सांभाळायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी काय द्यायचं, ते बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं.

अडचण येते ती लावण्यात. जिथे खाजतं तिथेच क्रीम चोळलं तर खरूज करणारे बारीक किडे बाकीच्या अंगावर सुखरूप राहतात. मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावावं लागतं: बेंबीत, नखांच्या खाली, बोटांच्या मध्ये, जांघेत, नितंबांच्या फटीत, पाठीच्या मधोमध, जिथे आपला स्वतःचा हात पोचत नाही तिथे दुसऱ्याने. लहान बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोक्यावर आणि कानांमागेही, फक्त डोळे आणि तोंड वगळून. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावू नका; अंग कोरडं आणि थंड असू द्या. ८ ते १४ तास ठेवायचं, म्हणजे रात्री लावून सकाळी धुवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब एका वेळेला लागते, धिप्पाड असेल तर जास्त. आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा एकदा. पाच जणांच्या घराला एकाच रात्री पाच ट्यूब लागतात, हे ऐकून पुष्कळ जण दोन ट्यूबमध्ये भागवतात. माझ्या मते क्रीमचे उपचार फसतात ते बहुतेक इथेच.

गोळीचं उलट आहे. गिळायला सोपी, एका माणसाच्या डोसला एका ट्यूबपेक्षा सहसा स्वस्त, आणि समोर उभं राहून देता येते. हा शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते फिजीतल्या अभ्यासात दिसलं. तिथल्या बेटांवर सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिलं, तेव्हा वर्षभरात खरजेचं प्रमाण ९४ टक्क्यांनी घटलं. सगळ्यांना परमेथ्रिन दिलेल्या वस्तीत ६२ टक्क्यांनी. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या आश्रमशाळा, वसतिगृहं, वृद्धाश्रम अशा ठिकाणी, जिथे शंभर मुलांच्या पाठीला क्रीम लावणं कुणालाच शक्य नाही, तिथे मी निःशंकपणे गोळीच्या बाजूने बोलेन. अर्थात प्रत्येकाचं वजन करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कारण गोळीत चुकायची जागा वजनाची आहे. डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ३० किलोला ६ मिलिग्रॅम, ४५ किलोला ९, ६० किलोला १२. शाळेत जंतनाशक दिनाला मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी, आणि दोन वर्षांवरच्या सगळ्या मुलांना ती ४०० मिलिग्रॅमचीच असते. त्यामुळे ‘जंताची गोळी म्हणजे एक गोळी’ असा समज घट्ट बसलाय. आयव्हरमेक्टिनही जंतांच्या काही आजारांत देतात, पण तिला हा समज लागू नाही. ६० किलोच्या बापाची १२ मिलिग्रॅमची गोळी २५ किलोच्या मुलाला दिली तर त्याला हव्या त्याच्या दुपटीहून जास्त औषध जातं. अल्बेंडाझोलचा खरजेवर उपयोगही नाही. बाजारात दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात, म्हणून स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम वाचूनच घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे ही गोळी किड्यांना मारते, अंड्यांना नाही. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, तोवर औषध शरीरातून बरंच कमी झालेलं असतं. म्हणून ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस घ्यावाच लागतो. पहिल्या डोसनंतर बरं वाटलं म्हणून दुसरा टाळणारे महिन्याभरात पुन्हा त्याच डॉक्टरांकडे येतात. खरजेसाठी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगतात, कारण अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते. जंतांच्या काही आजारांत मात्र हीच गोळी उपाशीपोटी देतात, म्हणून शेजाऱ्याने कशी घेतली होती ते विचारू नका.

आयव्हरमेक्टिन कुणाला नको? १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना साधारणपणे देत नाहीत. पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना आधी सांगायचं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तरी सांगायचं, कारण दोन्ही एकत्र आल्यावर रक्त गोठायला जास्त वेळ लागू शकतो. कामानिमित्त कॅमेरून, गॅबन, काँगो या भागात राहून आला असाल तर तेही सांगा: तिथल्या लोआ लोआ जंताची लागण अंगात मोठ्या प्रमाणात असेल, तर या औषधाने मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. नागपूर आणि विदर्भातल्या ज्यांनी हत्तीरोगाच्या मोहिमेत तीन औषधं घेतली असतील, त्यांनी तारीख लक्षात ठेवून सांगावी. त्यातही आयव्हरमेक्टिन असतं, पण तो एकच डोस असल्यामुळे त्यावर खरजेचा उपचार झाला असं धरू नये.

योग्य डोसमध्ये मळमळ, थोडी चक्कर, झोपाळल्यासारखं होणं असे त्रास होतात आणि जातात. जास्त झालं तर मात्र तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं, अंधुक दिसणं, झटके, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं. हे इतक्या कळकळीने लिहितोय याला कारण आहे. मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी पाच दिवस रोज १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली होती; महाराष्ट्रातही घरोघरी स्ट्रिपा आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राच्या कोविड उपचारसूचीतून ते वगळलं गेलं, पण ‘निरुपद्रवी गोळी’ ही ओळख राहिली. त्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कपाटात असतील तर टाकून द्या. आणि गोठ्यातलं औषध माणसाला कधीही नको. गुरांच्या गोचिडांसाठी येणाऱ्या १ टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचा पूर्ण डोस. चमच्याने मोजायला गेलात तर पाचपट जाईल, शिवाय त्यातले द्रावक माणसासाठी तपासलेले नसतात.

तर निवड कशी करायची? घरात बाळ, गरोदर बाई किंवा पाजणारी आई असेल तर त्यांच्यासाठी क्रीम. बाकीची माणसं हाताशी आहेत, एकमेकांना लावून देणारी आहेत, तर सगळ्यांसाठीच क्रीम. माझा कल तिकडे आहे. एकटं राहणारं, हात न पोचणारं म्हातारं माणूस, क्रीम नीट लावूनही उलटलेली खरूज, किंवा माणसं फार आणि वेळ कमी, अशा वेळी गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. एकाच घरात काहींना क्रीम आणि काहींना गोळी चालते, फक्त उपचार सगळ्यांचा एकाच दिवशी हवा, ज्यांना खाज नाही त्यांचाही. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर तो इतरांना देत राहतो. अंगावर जाड खपल्या धरलेली खरूज असेल तर घरी काहीच ठरवू नका, तिला दोन्ही औषधं आणि बारीक देखरेख लागते.

त्या दिवशी चादरी, टॉवेल, आदल्या दोन-तीन दिवसांतले कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. गोधडी, रजई धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवा. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. ती मेलेल्या किड्यांवरची त्वचेची प्रतिक्रिया असते, म्हणून क्रीम रोज लावू नका आणि गोळी मनाने वाढवू नका. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं खाजेचं मलमही आणू नका: त्याने खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं आणि खरूज आहे हे डॉक्टरांनाही ओळखू येईनासं होतं. चार आठवड्यांनंतरही खाज असेल, किंवा त्याआधीच नव्या पुटकुळ्या दिसल्या, तर पुन्हा दाखवायला जा आणि आधी काय, किती, कोणत्या तारखेला घेतलं ते लिहून न्या.