बांबूच्या दोन टोपल्या, आठ महिन्यांनंतर

एकदमच घेतल्या होत्या. एक धुवायच्या कपड्यांसाठी, दुसरी बागेतला पालापाचोळा भरायला. बागेतली आधी मोडणार हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. झालं उलटंच.

सहाव्या महिन्यात कपड्यांच्या टोपलीखाली पिवळसर पूड दिसायला लागली, मैद्यासारखी बारीक. झाडून काढली की दोन दिवसांत पुन्हा हजर. टोपली उजेडात धरली तर कामट्यांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं! भुंगेरे. त्यांना बांबूतला स्टार्च हवा असतो. म्हणूनच बांबू तीन-चार वर्षांचा झाल्यावर तोडतात आणि पाण्यात मुरवतात. इथे कुणीतरी घाई केलेली दिसते.

गंमत म्हणजे भोकं सगळी मऊ, पांढुरक्या कामट्यांना. म्हणजे बांबूच्या आतल्या भागातून काढलेल्या. बागेतली टोपली सालीकडच्या कामट्यांची आहे. त्यावर नख ओढलं तरी ओरखडा उठत नाही, भुंगेऱ्यांचं काय चालणार? शिवाय आतल्या कामट्यांची कुसळं निघतात. दोन मोजे गेले त्यात.

विणीला मात्र दोन्हीकडे नाव ठेवायला जागा नाही. उभ्या कामट्या मोजल्या, 23. बुडातली एक मधोमध चिरून मुद्दाम विषम केलेली. सम असत्या तर आडवी कामटी प्रत्येक फेरीत त्याच कामट्यांवरून गेली असती आणि वीण बसलीच नसती. हे कळल्यावर मी अर्धा तास नुसती टोपली फिरवत बसलो होतो.

बागेतलीबद्दल तक्रार एकच : ओला पाला भरला की काठ तळहातात रुततो, कड्या हव्या होत्या. दमट दिवसांत बुडाला काळी बुरशी आली, ती ब्रशने गेली. तेव्हापासून टोपली दोन विटांवर ठेवतो. माती आपोआप गळून जाते, हा फायदा प्लास्टिकच्या घमेल्यात नाही.

कपड्यांच्या टोपलीवर शेवटी उकळतं पाणी ओतलं आणि चार दिवस कडक उन्हात वाळवली. कोवळा बांबू आकसतो, त्यामुळे काठ सैल झाला; तो वेताने पुन्हा बांधला. माझी बांधणी बेढब आहे, पण धरून आहे. आता तिच्याखाली काळा कागद पसरून ठेवलाय. दहा दिवस झाले, अजून कोरा आहे.