लघवीच्या पिशवीची गाठ "विरघळवून" देणाऱ्यांपासून सावध राहा

ज्यांच्या घरी लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचं निदान नुकतंच झालंय त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, कारण आमच्या आप्पांना ज्या पद्धतीने फसवलं ती याच आजारात चालते.

आप्पांना लघवीतून रक्त जायचं, दुखत काहीच नव्हतं. सोनोग्राफीत 3 सेंमीच्या वर गाठ दिसली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ती खरवडून काढली आणि बायोप्सीत आलं की कॅन्सर पिशवीच्या स्नायूत गेलाय. वरच्या थरातच असता तर बीसीजीचे (टीबीची लस असते तीच) डोस पिशवीत सोडून बघता आलं असतं, पण आता मुख्य रस्ते दोन, एकतर किमो देऊन मग पिशवी काढायची आणि आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करून द्यायची, तिथे लघवी जमायला बाहेरून एक पिशवी चिकटवायची, नाहीतर किमो आणि शेक (रेडिएशन) एकत्र देऊन पिशवी वाचवायचा प्रयत्न करायचा. आप्पांना दुसराही चालेल असं डॉक्टर म्हणाले होते. फक्त तीन महिन्यांच्या आत काय ते करा, असं बजावलं होतं.

पण पोटावरची पिशवी ऐकूनच आप्पा खचले. माळकरी माणूस, म्हणाले ती लावून मी वारीत कसा चालू, देवळात कसा जाऊ. त्यातच ओळखीतून एका "वैद्या"चा नंबर आला. तो म्हणाला सुरी लागली की कॅन्सर पसरतो, मी पिशवी न काढता गाठ विरघळवून देतो. बरे झालेले पेशंट म्हणून दोघातिघांशी फोनवर बोलणंही करून दिलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात राखाडी पावडर, वर लेबल नाही, बॅच नंबर नाही, काही नाही. पैसे प्रत्येक डब्यामागे आणि जास्तीत जास्त रोख.

पावडर सुरू केली आणि रक्त थांबलं. मग त्याने स्वतःच सोनोग्राफी करायला लावली, रिपोर्ट स्वच्छ. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून जुन्यातल्या गाठीच्या मापाभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाला, बघा, कुठे आहे आता? घरात पेढे वाटले हो आम्ही.

आता नीट लक्ष द्या. जुना रिपोर्ट दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या आधीचा होता, गाठ डॉक्टरांनी काढलेली होती, पावडरीने नाही. स्नायूत उरलेला कॅन्सर साध्या सोनोग्राफीत दिसेलच असं नसतं. आणि या आजारात रक्त आपोआप थांबतं, परत येतं, आठवडेच्या आठवडे गायब राहतं. हे सगळं त्या माणसाला पक्कं माहीत होतं, त्याचा धंदाच यावर चालतो.

पुढे आप्पांच्या कमरेत दुखायला लागलं, पाय सुजले. तपासलं तर उजवी किडनी फुगलेली, कॅन्सरने लघवीची नळी दाबलेली आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती. किडनीला नळी घालावी लागली. क्रिएटिनिनमुळे सिस्प्लॅटिन नावाचं मुख्य किमोचं औषध देता येईना, आणि किडनी फुगल्यावर शेक देऊन पिशवी वाचवायचा रस्ताही बंद झाला. म्हणजे पिशवी वाचवतो म्हणणाऱ्यानेच पिशवी वाचायची जी संधी होती तीच खाल्ली. याचा राग मला पैशापेक्षा जास्त आहे.

ऑपरेशन झालं. पोटावरची पिशवी कपड्याखाली दिसतही नाही, आप्पा देवळात जातात, कोणी हटकत नाही. निर्णयाआधी अशी पिशवी लावलेल्या एखाद्या माणसाला भेटवा असं डॉक्टरांना आवर्जून सांगा, अर्धी भीती तिथेच जाते. शंका असेल तर बायोप्सीच्या स्लाइड घेऊन दुसऱ्या कॅन्सर हॉस्पिटलात मत घ्या, डॉक्टर रागवत नाहीत. खर्चाची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काउंटर आधी गाठा, कॅन्सरचे बरेच उपचार त्यात बसतात.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. आम्ही पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय. उरलेला डबा, व्हॉट्सअ‍ॅप चॅट आणि युपीआयचे स्क्रीनशॉट जोडलेत, रोख दिलेल्याचा मात्र कागदाचा चिटोराही नाही. तुमच्याकडे कोणाचे असे डबे पडले असतील तर फेकू नका, तक्रारीला लागतात.