टो मिरर मागवले आणि १५१ डॉलर ९८ सेंट गेले

टो मिरर म्हणजे ट्रेलर ओढताना मागचं दिसावं म्हणून गाडीच्या आरशांवर लावायचे जादा आरसे. ऑनलाइन जाहिरात बघून ते मागवले, १८९ डॉलर ९८ सेंट भरले, त्यातले ३८ परत आले. उरलेले कुणाच्या घशात गेले ते मला पक्कं ठाऊक आहे. ते बाहेर काढून देणं हे अमेरिकेत नक्की कुणाचं काम आहे, ते मात्र एकही माणूस सांगायला तयार नाही. लिहायला लाज वाटते. पण उन्हाळा आला की आपल्यातली बरीच मंडळी ट्रेलर जोडून बाहेर पडतात, आणि हीच जाहिरात त्यांच्याही फोनवर येणार आहे.

ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांना गरज समजावून सांगायला नको. ट्रक साधारण ८० इंच रुंद, मागे जोडलेला कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, १०२ इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच भिंत. मूळच्या आरशात त्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. कॅलिफोर्नियात तर मागचा २०० फूट रस्ता आरशात दिसलाच पाहिजे, असा कायदाच आहे. कंपनीचे बाहेर सरकणारे आरसे बसवायचे तर हीटर, इंडिकेटर, सगळी वायरिंग आली आणि खर्चही तसाच. म्हणून लोक वरून लावायचे आरसे घेतात. त्यात दोन जाती. एक रबरी पट्ट्याने आणि हुकांनी बांधायची, कुठल्याही गाडीला चालते असं सांगतात ती. दुसरी त्या-त्या मॉडेलच्या आरशाच्या मापाची, खोळीसारखी वरून सरकवून बसवायची. मी दुसरी मागवली होती. मॉडेल आणि वर्ष निवडूनच पैसे भरले. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता जो तो विचारतो, "अरे, पण नीट वाचलं होतंस ना?" वाचलं होतं! टेक्ससमध्ये गोदाम, तीस दिवसांत परतीची हमी, खाली शेकडो खूश गिऱ्हाइकं. लॉटरी लागल्याच्या मेलला भुलणाऱ्यांतला मी नाही.

पण फोटो. तो फोटो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. ट्रक समोरून टिपलेला, काचेतून स्टिअरिंग स्वच्छ दिसतंय, आणि ते उजवीकडे आहे. उजवीकडे! अमेरिकेत विकतोय, अमेरिकन मॉडेलचं नाव टाकलंय, आणि गाडी भलत्याच देशातली. मी गाडी शिकलो ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगवर. डोळ्यांना ते चित्र इतकं घरचं वाटलं की खटकलंच नाही. इथे जन्मलेल्या माझ्या मुलीने नंतर एका नजरेत विचारलं, "बाबा, ड्रायव्हर त्या साइडला का बसलाय?" तुमच्यापैकी अनेकांचे डोळे माझ्यासारखेच तयार झालेत, म्हणून सांगतो: आधी स्टिअरिंग बघा. मग गाडीच्या उजव्या आरशाची काच बघा. इथल्या गाड्यांना त्या बाजूला बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर, आरसा असेल तर दिसतंय त्यापेक्षा वस्तू जवळ आहे, ही सूचना काचेवर कायमची उमटवलेली असावीच लागते.

पार्सल आलं परदेशातून. आत पट्टेवाले आरसे, बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतात ते. तरी सहलीचं बुकिंग झालेलं, म्हणून बांधले. (कुणी हसू नका, तुम्हीही बांधले असते.) ताशी साठ मैलांच्या वेगाला काच अशी थरथरायची की मागची गाडी आहे की डाग आहे तेच कळेना. शेजारून मोठा ट्रेलर-ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने आरसा फिरून आभाळ दाखवायचा. वर दोन्ही काचा बहिर्वक्र. इथल्या गाडीचा ड्रायव्हरकडचा मूळ आरसा सपाट असतो तो उगाच नाही. डावीकडची लेन घेताना मागची गाडी खूप लांब वाटली, आणि तिचा हॉर्न कानाशीच वाजला. परतल्यावर बघतो तर हुकांनी आरशाच्या कव्हरचा रंगही खरवडला होता. ज्यांचे आरसे बटणाने मिटतात त्यांनी तर हे पट्टे लावूच नयेत. बांधलेल्या आरशावर बटण दाबलं की मोटर कशी कण्हते ते मी ऐकलंय.

मग सुरू झाला खरा खेळ. फसवणूक आरशांत कमी आणि या पत्रव्यवहारात जास्त आहे. "डिअर फ्रेंड, आरसे ठेवा, वीस टक्के परत देतो." मी भांडलो. मग पस्तीस टक्क्यांचं गाजर. मग म्हणे माल कारखान्यात परत पाठवा, टपालखर्च तुमचा. टेक्ससचं गोदाम कुठे गेलं विचारलं तर उत्तर नाही. टपालाचा आकडा काढला, ९२ डॉलर ४० सेंट! शेवटी वैतागून लिहिलं, "ओके, वीस टक्के आधी पाठवा, बाकीचं नंतर बघू." ३८ डॉलर आले. त्या एका 'ओके'ने माझा घात केला.

कारण क्रेडिट कार्डाच्या बँकेत तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने दोनच कागद लावले. माल पोचल्याचा ट्रॅकिंग नंबर आणि माझं ते वाक्य, तेही "ओके, वीस टक्के" इथपर्यंत कापलेलं. बँकेचा निर्णय: तडजोड झाली, प्रकरण बंद. चॅट पूर्ण वाचा म्हणून सांगितलं, तर "सर, आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन." कसलं डोंबल समजतंय! आणि हेही ऐका, फोनवर तक्रार करून गप्प बसू नका. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टचं संरक्षण हवं असेल तर ज्या स्टेटमेंटमध्ये रक्कम पहिल्यांदा आली ते निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी पत्र जावं लागतं, तेही बिलाच्या चौकशीसाठी दिलेल्या पत्त्यावर. ठरल्यापेक्षा वेगळा माल आला तर तोही त्यात बसतो. बँकेने मला हे कधी सांगितलं? मुदत उलटल्यावर. विक्रेता तुम्हाला टक्क्यांच्या घोळात ठेवतो तो त्या तारखेसाठीच.

पोलिसांकडे गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, हे दिवाणी प्रकरण. केंद्राच्या कार्यालयाचा ऑनलाइन फॉर्म भरला. एक क्रमांक मिळाला आणि खाली ओळ, आम्ही वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. मग भरून काय घेता? राज्याच्या ग्राहक विभागाने विक्रेत्याला पत्र धाडलं, उत्तर आलं नाही, म्हणून फाइल बंद. चोराने उत्तर दिलं नाही म्हणून चौकशी संपली! जून २०२३ पासून मोठ्या विक्रेत्यांची ओळख तपासून घ्यायचा कायदा आहे, असं तिथल्याच एकाने सांगितलं. वाचून बघितला. तो अनेक विक्रेत्यांना जागा देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना लागू, आणि याचं दुकान स्वतःच्याच वेबसाइटवर.

पैसे डेबिट कार्डाने किंवा झेलने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) तर भरूच नका. क्रेडिट कार्ड होतं म्हणून मला निदान भांडायला तरी जागा होती. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. विक्रेत्याशी एकच वाक्य बोला: पूर्ण पैसे परत.

परवा त्याची पुन्हा मेल आली. लिहिलेला वाईट अभिप्राय काढा, आणखी १५ डॉलर देतो. मी उत्तर दिलेलं नाही. 'नको' लिहिलं तर त्यातलंही अर्धं कापून कुठे लावतील, सांगता येत नाही.