स्वतंत्र बोअर की सामाईक विहीर?

गावाकडच्या प्लॉटिंगमध्ये विकणारा हमखास सांगतो, "प्रत्येकाला स्वतंत्र बोअरची मुभा आहे." ऐकायला बरं वाटतं. पाण्यात कोणाची वाटणी नाही, वीजबिलावरून कुरबुर नाही. दुसरा पर्याय म्हणजे वरच्या अंगाला सगळ्यांची मिळून एक विहीर, तिथून टाकीत पाणी चढवायचं, आणि सांडपाणी खालच्या अंगाला एकत्र न्यायचं. भोरकडे आम्ही काही ओळखीच्या लोकांनी मिळून प्लॉट पाडले तेव्हा या दोन्हींवर भरपूर काथ्याकूट झाला. खर्चाचा हिशेब इथे मांडत नाही, कारण खडक किती खाली लागतो त्यावर तो पार बदलतो.

माझं मत फिरलं ते शोषखड्ड्यापायी, म्हणजे घरचं सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यापायी. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ५९ फूट लांब हवा. तीन गुंठ्यांचा चौरस प्लॉट आखून बघा, बाजू भरते ५७ फूट. कोपऱ्यात बोअर आणि तिरक्या कोपऱ्यात खड्डा असं कसंबसं बसवताही येईल, पण शेजाऱ्याचं काय? तोही आपली बोअर जपायला खड्डा ढकलत ढकलत कुंपणाला आणणार, आणि कुंपणाच्या अलीकडे तुमची बोअर. त्याला कुठल्या तोंडाने सांगणार की खड्डा हलव? त्याने मोजमाप पाळलेलंच असतं, त्याच्या बोअरपासूनचं.

"आमची बोअर तीनशे फूट खोल आहे, तिथे कसली घाण" हेही ऐकू येतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून फिरतं, आणि बोअरला लागलेलं पाणी बऱ्याचदा वरच्याच भेगांचं असतं. केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप, मुरमातून थेट पक्क्या खडकात बसवून भोवतीची फट सिमेंटने बंद केली, तर गोष्ट वेगळी. पण केसिंगचे पैसे फुटावर असतात, त्यामुळे मालक आणि बोअर पाडणारा गाडीवाला दोघेही हात आखडता घेतात. फटीत बोअरमधूनच निघालेला भुगा लोटतात. ओळखीच्या एका बोअरला पहिल्या मोठ्या पावसानंतर तांबूस पाणी येतं. तिथल्या पाण्याची एच२एस बाटली (विष्ठेतले जंतू असले तर पाणी काळं पडतं ती तपासणीची बाटली) मी खिडकीत ठेवली होती, दुसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी. जंतू पाणी उकळून मरतात, पण शोषखड्ड्यातून उतरणारं नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतंच. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

सामाईक विहिरीचीही कटकट आहेच. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कोणी टाकायचं, मोटर जळली तर वर्गणी कोणी गोळा करायची, यावरून बैठकीत आवाज चढतात. एक घर कायम थकबाकीत असतं. विहिरीभोवतीची जागा मोकळी ठेवायची म्हणजे विकता येईल असा एक प्लॉट जातो, तेही काहींच्या जिवावर येतं. पण जपायची जागा एकच आणि तपासायला नमुनाही एकच. सांडपाणी खालच्या सेप्टिक टँकमधून कर्दळीच्या वाफ्यात सोडलं, की खड्ड्यांचं मोजमाप करत बसावं लागत नाही. मला तरी पाण्याच्या धास्तीपेक्षा बैठकीतली भांडणं परवडतात.

अर्धा एकर किंवा त्याहून मोठे प्लॉट असतील, मातीचा थर जाड असेल आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी शोषखड्ड्याच्या तळापर्यंत चढत नसेल, तर स्वतंत्र बोअरला मी नाक मुरडणार नाही. गुंठ्यांवर विकलेल्या जागेत मात्र बयाणा देण्याआधी ले-आउटचा नकाशा मागा आणि आजूबाजूच्या चारही प्लॉटचे शोषखड्डे कुठे येणार ते त्यावर दाखवायला सांगा. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या नकाशात कमान होती, बाग होती, मंदिरसुद्धा होतं. शोषखड्डा एकही नव्हता.