पर्वरीतलं डेटोना: गाडी खरी, फळ्यावरचे आकडे सुधारायला हवेत

पर्वरीच्या या सिम्युलेटर केंद्रात चार यंत्रं आहेत आणि चारही एकमेकांना जोडलेली आहेत. डेटोना या अमेरिकेतल्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकसाठी हीच सगळ्यांत मोठी सोय. त्या ट्रॅकवर एकट्याने लॅप (एक फेरी) काढणं सोपं आहे, ॲक्सिलरेटर तळाला टेकवून ठेवला की झालं. खेळ सुरू होतो तो पुढच्या गाडीच्या मागे चिकटल्यावर. म्हणून चौघं जमवूनच जा. एकटे गेलात तर बाकीच्या गाड्या संगणक चालवतो, आणि त्या मागून नीट ढकलत नाहीत.

बसल्या बसल्या आधी सीट लावून घ्या. तिन्ही मॉनिटर ३२ इंची आहेत. डोळे मधल्या पडद्यापासून ७० सेंमीवर असतील तर त्या पडद्याचा एफओव्ही (पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन) ५४ अंशांच्या आसपास हवा. दोन यंत्रांवर तो बराच जास्त ठेवलेला आढळला. त्याने वेग जोरदार वाटतो खरा, पण वळण लांब सरकतं आणि चढाव सपाट दिसतो. डेटोनात चढावच सपाट दिसला तर राहिलं काय? वळणांवरचं बँकिंग (रस्त्याचा आडवा चढाव) ३१ अंशांचं आहे, म्हणजे आपल्याकडे मंगळुरी कौलांच्या छपराला देतात साधारण तेवढा उतार. एफओव्ही बरोबर केला की तिसऱ्या वळणात शिरताना समोरचा रस्ता अंगावर आल्यासारखा उभा राहतो.

ही उभारणी शोभेसाठी केलेली नाही. वळणाची त्रिज्या सुमारे ३०५ मीटर धरली तर ताशी १५० किलोमीटरपर्यंत गाडीला आडव्या पकडीची जवळजवळ गरजच पडत नाही, उतारच तिला वळवतो. ताशी ३०० च्या वर मात्र गाडी आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोराने रस्त्यावर दाबली जाते. तो भार स्टिअरिंगमध्ये जाणवायला हवा, आणि इथे जाणवतो. चाकाला जोर देणारी मोटर थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेली आहे, मध्ये पट्टा नाही. फक्त जोर फार वाढवून घेऊ नका. मोटर कमाल मर्यादेला टेकली की वळणभर चाक नुसतं जड लागतं आणि रस्त्याचे बारीक हादरे नाहीसे होतात. असं झालं तर सेटिंगमध्ये जोर थोडा थोडा कमी करत हादरे परत येईपर्यंत जा.

नवख्यांची एक तक्रार नेहमीची: सरळ रस्त्यावर चाक डावीकडे ओढतं. बिघाड नाही तो. ओव्हलची (लंबगोल ट्रॅकवरची) गाडी डावीकडे वळण्यासाठीच लावलेली असते, म्हणून सरळ रस्त्यावर चाक किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागतं. दुसरी चूक ब्रेकची. रांगेत असताना ब्रेक लावला की मागची गाडी आदळलीच. तिथला मदतनीस प्रत्येकाला शांतपणे सांगतो, "दादा, ब्रेक नको, पाय थोडा उचला." हा मुलगा या केंद्राची खरी जमेची बाजू. वळणात शिरताना पुढच्याला ढकलू नका हेही तो समजावतो, कारण त्या क्षणी गाडीची मागची बाजू हलकी झालेली असते आणि हलक्या धक्क्यानेही ती गिरकी घेते. धक्का द्यायचा तो सरळ रस्त्यावर, बंपरला बंपर सरळ रेषेत लावून.

आता भिंतीवरचा फळा. त्यावर इतिहास मनापासून लिहिलाय. १९५८ पर्यंत समुद्रकिनाऱ्यावर होणारी शर्यत, बिल फ्रान्स सीनियर यांनी बांधलेला अडीच मैलांचा ट्रॅक, चढावाला लागलेली माती काढल्यावर झालेलं लेक लॉइड, सगळं आहे. २२ फेब्रुवारी १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० या ५०० मैलांच्या शर्यतीत आधी जॉनी बोशँ यांना विजेता ठरवलं आणि छायाचित्रं, चित्रफिती तपासून तीन दिवसांनी निकाल ली पेटी यांच्या बाजूने फिरवला, हेही अचूक. रिचर्ड पेटींचे सात विजय आणि केल यारबरो यांचे चार बरोबर मांडलेत.

घोळ लॅपच्या वेळांत आहे. सर्वांत वर 'मोडायचा विक्रम' म्हणून ४२.७८ सेकंद, आणि त्याखाली गिऱ्हाइकांच्या ४७-४८ सेकंदांच्या नोंदी. ती वेळ बिल एलियट यांची, १९८७ च्या पात्रता फेरीतली, ताशी २१०.३६४ मैल. तेव्हा इंजिनाच्या हवेवर बंधन नव्हतं. त्याच वर्षी टॅलाडेगा या तशाच वेगवान ट्रॅकवर बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांच्या कुंपणावर आदळली आणि १९८८ पासून दोन्ही ट्रॅकवर इंजिनाची हवा कमी करणारी रिस्ट्रिक्टर प्लेट आली. इथल्या यंत्रावर चालते ती २०२२ पासूनची नवी गाडी, डेटोनासाठी सुमारे ५१० अश्वशक्तीची. २०२२ ते २०२५ या चारही वर्षांत पोलचा (पात्रता फेरीतला सर्वांत वेगवान) लॅप ४९ ते ५० सेकंदांत निघालाय. रांगेत, हवेच्या आडोशाला, तीच गाडी ४७-४८ पर्यंत जाते. म्हणजे एकट्याने ४९.७ काढणाऱ्याने उत्तम गाडी चालवली, तरी फळ्यावर तो सगळ्यांत खाली दिसतो. पोरं हिरमुसून उठतात आणि एवढ्या मेहनतीने लिहिलेल्या फळ्याने असं करणं वाईट वाटतं. एकट्याचा लॅप, ड्राफ्टमधला (रांगेतला) लॅप आणि गाडीचं वर्ष असे तीन रकाने आखले तर काम भागेल. फळ्यावर विल्यम बायरनचं नावही यावं. आयरेसिंग या संगणकावरच्या सिम्युलेटरवर घरी सराव करत हा मुलगा रेसिंगमध्ये आला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० जिंकला. सिम्युलेटरवर बसणाऱ्या पोरांना त्याच्याइतकं जवळचं दुसरं कोण?

तिसऱ्या यंत्राचा ॲक्सिलरेटर मध्येच उसळी घेतो. पूर्ण दाबलेला असतानाही पडद्यावरची पट्टी थरथरते. पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या जुन्या पोटेन्शिओमीटरचं हे लक्षण, आणि आपल्या दमट हवेत ते लवकर दिसतं. दुरुस्त होईपर्यंत ते यंत्र टाळा.

वेळ तासाभराचीच घ्या. सीट आणि पडदा लावायला दहा मिनिटं, सरावाला पंधरा, मग २५ लॅपची शर्यत म्हणजे साधारण वीस मिनिटं. एखादी मोठी धडक होऊन पुन्हा सुरू करावी लागली तरी उरलेला वेळ पुरतो.