अकरा महिने कमरेला पिस्तूल, आणि सगळा घोळ एका स्क्रूचा

खरं तर लिहायचं होतं पिस्तुलाबद्दल. ग्लॉक ४३ एक्स, अकरा महिने जवळजवळ रोज कमरेला, त्याचा अनुभव. पण होल्स्टरवाल्या, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान बनवणाऱ्या, कंपनीशी तीन आठवडे जे ईमेल ईमेल खेळलो त्याने डोकं इतकं तापलंय की पिस्तूल बाजूलाच राहील आणि बरंचसं एका नखाएवढ्या स्क्रूबद्दल होईल, आधीच सांगून ठेवतो. ४३ एक्सचे आकडे तुम्हाला पाठ असतील, २०१९ साली आलं, नऊ एमएम, दहा गोळ्यांचं मॅगझिन, ते परत गिरवत बसत नाही. परवाना, आणि कुठे घेऊन जाता येतं कुठे नाही, ते ज्याने त्याने आपापल्या कायद्याप्रमाणे बघायचं.

आधी मला रिव्हॉल्व्हरच घ्यायचं होतं. .३८ स्पेशल, पाच गोळ्यांचं, हॅमर म्हणजे घोडा आत लपलेला, अॅल्युमिनियम फ्रेम, वजन अर्धा किलोच्या आत. हातात घेतलं की वाटतं बास, हेच. खिशात टाकलं की कुणाला पत्ता लागणार नाही, अडकायला बाहेर काही नाही, वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड नाही, मॅगझिन नाही. मग नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन झाडून बघितलं आणि पंचवीस गोळ्यांत हौस फिटली. अंगठ्याच्या बेचक्यात असा ठणका की दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडेना. वजन कमी म्हणजे झटका जास्त हे शाळेत शिकलो होतो पण कळलं तेव्हा. त्यात चाप लांब आणि जड, ओढता ओढता नळी हलते आणि ती नळी, म्हणजे बॅरल, तर दोन इंचाच्या आसपासची, म्हणजे नेम धरायची पुढची साइट मागच्या साइटच्या जवळपास मांडीवरच बसलेली. ज्यांना हे जमतं त्यांना माझा नमस्कार. छोटं पिस्तूल नवशिक्याला सोपं असा जो समज आहे ना तो नेमका उलटा आहे, जितकं छोटं तितका सराव जास्त लागतो.

दुसऱ्या टोकाला ग्लॉक १९. पंधरा गोळ्या, चार इंची बॅरल, माझ्या हातून कागदावर गोळ्या सगळ्यात जवळजवळ ह्याच्यावर बसल्या. पण जाड. मग मधला मार्ग म्हणून ४३ एक्स घेतलं आणि घरी येऊन आकडे जुळवले तेव्हा लक्षात आलं की उंची दोन्हींची तीच, १२८ मिलिमीटर! फरक लांबीचा आणि जाडीचा. आणि लपवताना नडते ती उंची, म्हणजे मूठ. बॅरल पँटच्या आत जाते, ती इंचभर लांब असली तरी कुणाला दिसत नाही. मूठ बेल्टच्या वर राहते आणि शर्टाला टेकून कोपरा काढते. हे घ्यायच्या आधी कळलं असतं तर कदाचित १९ च घेतलं असतं आणि चेंबरमधली, म्हणजे आधीच नळीच्या तोंडाशी भरलेली, धरून सोळा विरुद्ध अकरा, म्हणजे पाच गोळ्या जास्त मिळाल्या असत्या. पण बारा महिन्यांच्या आतच दुसरं घ्यायचं म्हणजे पहिलं पडेल किमतीत विकायचं, आणि ते आपल्या रक्तात नाही. शिवाय सहा मिलिमीटर जाडी कमी असणं रोज दहा तास कमरेला बाळगताना खरंच जाणवतं, कागदावर नाही जाणवत. तर पिस्तुलाबद्दल एवढंच, पहिल्या दिवसापासून अडकलं नाही, साडेसातशे-आठशे गोळ्या झाल्या असतील, पैकी पहिल्या दोनशे रोजच्या वापराला काढायच्या आधी मुद्दाम झाडल्या. ते त्याचं काम करतं. पुढे.

पहिले चारेक महिने मी उजव्या कुल्ह्यामागे ठेवत होतो, बेंबीला बारा धरले तर चार वाजता. उभं असताना छान, काही दिसत नाही. वाकलात की संपलं, मूठ शर्टाचा तंबू करते आणि ते नेमकं तुमच्या पाठीमागे, तुम्हाला दिसतही नाही. मला बायकोने सांगितलं, "मागून तू मोबाइल चार्जर कमरेला खोचल्यासारखा दिसतोस." गाडीत बसलं की सीट आणि कुल्हा यांच्या मधे पिस्तूल चेपलेलं, वर सीटबेल्ट, हात मागे नेऊन मुठीपर्यंत पोचायचं म्हणजे योगासनच. गर्दीत तर सारखी भीती की मागच्याचा हात लागेल.

अपेंडिक्स कॅरी, म्हणजे पुढे, बारा ते दोनच्या मधे, ह्याला मी तेव्हा उघडपणे मूर्खपणा म्हणायचो. नळी कुठे बघते ते बघा की, असं म्हणून हसायचो. तर ते शब्द मागे घेतो. पाचव्या महिन्यात ट्राय म्हणून आठवडाभर ठेवलं आणि परत मागे गेलो नाही. दोन्ही हात समोर, शर्ट एका हाताने वर, दुसरा हात मुठीवर, बसल्या जागी सुद्धा. आणि राखायला सोपं, पुढे कुणाचा हात आला तर दिसतो तरी. पोट थोडं सुटलेलं आहे माझं, तरी जमलं, फक्त पहिले दहा दिवस होल्स्टर वर-खाली, डावी-उजवी एकेक सेंटिमीटर सरकवत बसावं लागलं.

पण भीती गेली असं समजू नका, ती जाऊही नये. पिस्तूल बाहेर काढताना नाही, परत ठेवताना बहुतेक घोळ होतात. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी, नाहीतर मऊ पडलेल्या चामड्याच्या होल्स्टरचा दुमडलेला काठ चापाभोवतीच्या कड्यात, म्हणजे ट्रिगर गार्डमधे शिरतो, तुम्ही वरून ढकलता आणि चाप ओढला जातो. ग्लॉकला बाहेरून वेगळी बोटाने लावायची सेफ्टी नाही, त्यामुळे चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर ही चैन नाहीये. माझी पद्धत अशी, घाई शून्य, शर्ट छातीपर्यंत वर, कंबर पुढे काढायची म्हणजे नळी अंगापासून लांब जाते, आणि डोळ्याने बघत बघत हळू आत. घरी असेन तर पिस्तूल होल्स्टरमधे घालून मग अख्खं होल्स्टरच कमरेला लावतो. रात्री तिजोरीत. पाठीच्या मधोमध ठेवणारे लोक बघितलेत मी, घसरून पाठीवर पडलात तर मणक्याखाली लोखंड आहे एवढा तरी विचार करा. खिशात ठेवायचं तर खिशाचं वेगळं होल्स्टर आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, नाणं नाही. घोट्याला बांधून बघितलं नाही, बघणारही नाही.

आता स्क्रू.

होल्स्टर कायडेक्सचं आहे, म्हणजे तापवून पिस्तुलाच्या मापाने दाबून बसवलेलं कडक प्लास्टिक. आत घातलं की ट्रिगर गार्डपाशी टक् असा आवाज येतो, तो आवाज मला अजूनही आवडतो, खोटं कशाला बोलू. बाहेरून एक क्लिप बेल्टवर बसते, बाजूला एक छोटा पंख असतो ज्याला क्लॉ म्हणतात, तो बेल्टच्या आतून दाबला जातो आणि मूठ अंगाकडे वळवतो. खाली नळीच्या बाजूला फोमची पाचर चिकटवली की नळी बाहेर आणि मूठ आत. ह्या दोन फालतू दिसणाऱ्या गोष्टींनी जेवढं लपतं तेवढं छोटं पिस्तूल घेऊनही लपत नाही. आणि ही सगळी मंडळी कशावर उभी? चार स्क्रूंवर. दोन क्लिपचे, एक क्लॉचा, एक पकड कमी-जास्त करायचा, ज्याच्याखाली रबराचा वॉशर असतो.

रबराचा वॉशर म्हणजे स्प्रिंगच की. माणूस चालतो, बसतो, उठतो, वाकतो, प्लास्टिक लवतं, स्क्रू रोज केसभर सैल होतो. कुणी सांगत नाही! डब्यात कंपनीचं आभारपत्र होतं, स्टिकर होता, स्क्रू तपासा असं सांगणारी एक ओळ नव्हती.

सहाव्या महिन्यात एका रात्री घरी सराव करत होतो. पिस्तूल रिकामं, मॅगझिन काढलेलं, चेंबर दोनदा बघितलेलं, एकदा डोळ्याने एकदा बोटाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत. शर्ट वर, हात मुठीवर, ओढलं, आणि पिस्तुलासकट होल्स्टर हातात! क्लिप तिकडे बेल्टवर लटकतेय आणि मी समोरच्या भिंतीवर प्लास्टिकचं बूड रोखून उभा. आधी हसू आलं. मग घाम. कारण त्या दिवशी सकाळपासून मी तेच कमरेला लावून बाहेर फिरत होतो. क्लिपचा एक स्क्रू गायब, कधी पडला देव जाणे, दुसरा दोन आट्यांवर लोंबत होता. चांगलं पिस्तूल, चांगला बेल्ट, वर्ग, रेंजची फी, महागाच्या गोळ्या, आणि सगळ्याचा भार त्या दोन आट्यांवर.

बेल्टचं नाव घेतलं म्हणून मधेच सांगतो, पहिले दोन महिने मी साधाच पट्टा वापरला, आहे तो कशाला टाकायचा म्हणून. पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलायचं आणि मी होल्स्टरला दोष द्यायचो. आतून कडक पट्टी असलेला दीड इंची बेल्ट घेतला आणि अर्ध्या तक्रारी त्याच दिवशी बंद झाल्या. इथे काटकसर चुकली माझी, मान्य.

तर कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर, फोटो पाठवा. पाठवले. दुसरं, व्हिडिओ पाठवा. नसलेल्या स्क्रूचा व्हिडिओ कसा काढतात? भोकाचा काढून पाठवला. तिसरं उत्तर असं की होल्स्टरवर आजन्म हमी आहे पण स्क्रू, वॉशर, क्लिप ह्या झिजणाऱ्या वस्तू हमीत येत नाहीत. म्हणजे हमी कशावर, तर जे कधीच तुटत नाही त्या कायडेक्सवर! चौथ्या ईमेलमधे त्यांनी विचारलं की तुम्ही थ्रेडलॉकर, म्हणजे आट्या धरून ठेवणारा गोंद, लावलं होतं का. नाही म्हटलं. लावायला हवं होतं म्हणाले. बरं, लावतो, पण लावलं तर हमी राहते ना, असं विचारलं तर पाचव्या ईमेलमधे, नाही, कुठलंही रसायन लावल्यास हमी रद्द. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि चक्कर मारायला गेलो. नवीन होल्स्टर घेतल्यास सवलत देतो असंही लिहिलं होतं खाली. सवलत!

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून मापाचे स्क्रू आणले आणि निळं थ्रेडलॉकर. निळंच घ्या, लाल नको, लाल सोडवायला तापवावं लागतं आणि कायडेक्स तापलं की त्याचा आकार गेलाच. आट्या आधी पुसून कोरड्या केल्या, प्रत्येकी एक थेंब, रात्रभर ठेवलं. थेंब प्लास्टिकवर ओघळू देऊ नका. पकडीच्या स्क्रूला मात्र आधी पाहिजे तेवढी पकड बसवून घ्या, मग लावा, नाहीतर रोज खेळत बसाल. आणि नेलपॉलिशने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कायडेक्सपर्यंत एक बारीक रेघ ओढली. रेघ सरळ आहे तोवर स्क्रू जागेवर आहे, तुटली की फिरला. पाच महिने झाले, चारही रेघा सरळ. बायकोची नेलपॉलिश संपत आलीय तो भाग वेगळा.

बाकी किरकोळ. घामाचा त्रास आहे, स्लाइडवर अजून गंज नाही पण मी आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसतो आणि आत बनियन घालतोच, नाहीतर मागच्या साइटचा कोपरा पोटाला ओरखडे काढतो. गोळ्या पोकळ टोकाच्या. १९८६ च्या मायामीच्या चकमकीनंतर एफबीआयने चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरायला हवी असा निकष धरला, त्यात बसणारी आणि माझ्या पिस्तुलात न अडकणारी घेतली, संपला विषय, त्यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना शुभेच्छा. एक गोष्ट मात्र बघा, रोज रात्री चेंबर रिकामं करून सकाळी तीच गोळी परत भरत राहिलात तर दर वेळी तिचं टोक आदळून पितळी पुंगळीत आत दबत जातं आणि मग झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. मी काटकसरीने तीच एक गोळी महिनाभर वापरत होतो. नव्या गोळीशेजारी उभी केली तर उघड्या डोळ्यांनी बुटकी दिसली. ती आता वेगळ्या डबीत आहे. आता मी रोज रिकामं करतच नाही, भरलेलं होल्स्टरसकट तिजोरीत जातं.

हे सगळं लिहून झालं आणि काल पाकीट आलं. कंपनीकडून, न मागता, "आमच्या निष्ठावंत ग्राहकासाठी". उघडलं. आत दोन स्क्रू. वॉशर नाहीत. आणि बसवून बघितले तर अर्धा आटा लांब, टोक आत पिस्तुलाला घासतं. स्टिकर मात्र परत दिलाय.