कांस्य थाळी फूट मसाज मशीन : पाय काळे का होतात, आणि कपॅसिटरवरून झालेलं भांडण

गेल्या आठवड्यात आमचं काशाची थाळी फिरवून तळपाय घासणारं मशीन बंद पडलं म्हणून शेवटी लिहायला बसले. स्विच लावला की नुसतं घुंऽऽ करायचं, थाळी जागची हलेना. जिथून घेतलं तिथे फोन केला तर म्हणे पॅक करून कुरियरने पाठवा, जायचा-यायचा खर्च तुमचा, आणि वॉरंटी फक्त मोटरची, बाकी पार्ट चार्जेबल. ते धूड उचलून जिना उतरवायलाच दोन माणसं लागतात, कुरियर काय फुकट होणारे का? गल्लीतल्या वायंडिंगवाल्याकडे नेलं, त्याने आवाज ऐकूनच सांगितलं, "ताई, कपॅसिटर गेलाय." दीडशे रुपयात काम झालं. सिंगल फेज मोटरला सुरुवातीचा जोर कपॅसिटरमुळे मिळतो, तो उतरला की मोटर गुणगुणते पण उचलत नाही. एवढं फोनवरच्या माणसाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? साडेआठ हजार घेताना किती गोड बोलत होते.

आता मुद्द्याचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या वस्तूंवर माझा विश्वास नाही. मशीन घेतलं ते सासूबाईंच्या हट्टामुळे. त्यांच्या माहेरी काशाच्या वाटीने तळपाय घासायची पद्धत होती, त्यामुळे प्रदर्शनात डेमो बघितला आणि त्या तिथेच बसल्या. दहा मिनिटांत तळवे काळेकुट्ट. विक्रेता म्हणाला, बघा आजी, अंगातली उष्णता आणि टॉक्सिन कसे बाहेर आले, शुगर-बीपी पण कमी होईल, नजर सुधारेल. तिथे जमलेले सगळे ते काळे पाय बघूनच पैसे काढत होते.

हे काळं होणं माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर दुधी भोपळ्याचा तुकडा घेतला, बसताना तळव्यांना लावतात तसं त्याला तूप लावलं आणि चालू थाळीवर धरला. दुधीपण काळा! मग तूप लावलेलं जुनं सुती फडकं धरलं, तेही तसंच. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील. घासलं की धातूचे अगदी बारीक कण सुटतात, तुपातल्या-तेलातल्या आम्लाशी तांब्याची क्रिया होते, हवा लागते, आणि करडा-काळा थर तयार होतो. पितळेची समई घासताना फडकं काळं होतं, तसंच हे. बाहेरून उन्हातून आलं की पाय जास्त काळे होतात, लोक म्हणतात उष्णता जास्त होती, पण तेव्हा पायाला घाम असतो आणि घामातलं मीठ आणि आम्ल तांब्यावर लगेच काम करतं. पाय साबणाने स्वच्छ धुवून, कोरडे करून बसा, रंगात फरक पडतो की नाही स्वतः बघा.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्या रंगाचं लावलंय. लावलंय कारण आमच्या घरात तो रंग रिपोर्टसारखा वाचायला लागले. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "अगं, आज पाय कमी काळे झाले, शुगर उतरली असणार, रात्रीची अर्धीच गोळी घेते." माझ्या पोटात गोळाच आला. त्यांना म्हटलं, आई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी केली, तिच्यात गेल्या साधारण 3 महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो, ती होती तिथेच. मशीन रोज चालू असूनही. डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या पत्रकात पहिल्याच ओळीत तेच छापलेलं.

इथपर्यंत वाचून वाटेल मी मशीन विकून टाका म्हणणार. महिन्याभरानंतर विचारलं असतं तर तेच म्हटलं असतं. पण नंतर मी स्वतः बसायला लागले. सहा-सात तास वर्गात उभं राहून आलं की पोटऱ्या दगड होतात, पंधरा मिनिटं थाळीवर पाय ठेवले की इतकं मोकळं वाटतं की काय सांगू. झोप पटकन लागते. सासूबाईंना रात्री तळपायाची आग व्हायची, त्या आता कमी वेळा उठतात. मसाज आहे, चांगला मसाज आहे, आणि कुणाला वाटी धरून बसवावं लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला त्याचंच फार बरं वाटतं. मला एवढ्यासाठी साडेआठ हजार जास्त वाटतात, पण परत करावंसं आता वाटत नाही.

तूप वापरू नका, साधं खोबरेल पुरतं, रोज चमचाभर तूप थाळीला पाजणं मला तरी बघवत नाही. उठायच्या आधी बसल्या जागी तळवे डाळीच्या पिठाने आणि फडक्याने पुसा, टाइल्सवर तेलकट पाय म्हणजे हाड मोडायचं काम, आमच्या सासूबाई एकदा दाराला धरून वाचल्या. शुगरवाल्यांनी आधी तळवे नीट बघा, भेग, जखम, फोड असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण घासून कातडी सोलली तरी कळत नाही.

आणि प्लग बघून घ्या. उघडे तेलकट पाय धातूवर आणि खाली 230 व्होल्ट, आमच्या मशीनला टू-पिन प्लग आला होता. वायंडिंगवाल्यानेच कपॅसिटर बदलताना थ्री-पिन वायर टाकली आणि बॉडीला अर्थिंग जोडलं, त्याचे वेगळे ऐंशी घेतले, ते मी न घासाघीस करता दिले.